समोर येऊन बोलणारी क्रांती

क्रांती कुणालाही पाठीमागून हाक मारायची नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या खोलीत मी रोज सकाळी वाचत बसलेली असे. ती वळसा घालून समोर यायची, मी मान वर करेपर्यंत थांबायची आणि मगच विचारायची, "चहा टाकू का गं?" मला वाटायचं, हा तिचा स्वभावच.

विद्यापीठाच्या एका आरोग्य सर्वेक्षणात ती प्रकल्प सहायक होती. कबनूरच्या नऊशे यंत्रमाग कामगारांचे फॉर्म भरून आले होते. ते संगणकावर तपासायचे, त्यातून निष्कर्ष काढायचे आणि खाली सही करायची, हे तिचं काम. तिचे वडील बाळासो त्या नऊशेंतलेच. तीस वर्षं मागावर.

अहवाल शुक्रवारी पाचपर्यंत जायचा होता. बुधवारी ती सतराव्या प्रश्नापाशी अडली. 'ऐकण्यात अडचण आहे का?' नऊशेंपैकी फक्त सत्तावीस जण 'हो' म्हणाले होते. शंभरात तीन. हा आकडा दहाच्या वर गेला तरच कानतपासणीची गाडी कबनूरला जाणार होती. शिवाय त्या सत्तावीस जणांत सगळे नवे. पंचवीस वर्षं मागावर काढलेला एकही नाही.

"शेडमधी शेजारचा वरडला तरी कळत न्हाय," ती मला म्हणाली. "मग जुन्या माणसांचेच कान शाबूत कसे?"

त्या संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. बाळासोंनी उचलला, "हां हां" म्हणाले आणि नेहमीसारखा आईकडे दिला. क्रांती फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. मागावरची माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण आप्पा घरीसुद्धा ओठच वाचतात, आणि आपण म्हणूनच त्यांच्या समोर जाऊन बोलतो, हे तिनं कधी मनाशी उच्चारलं नव्हतं. फॉर्म भरणाऱ्या मुलींनीही समोर बसूनच प्रश्न विचारले होते.

शुक्रवारी सकाळी ती प्रकल्पप्रमुख धैर्यशील सरांपुढे उभी राहिली.

"लोकांनी स्वतः सांगितलंय," सर म्हणाले. "तुम्ही काय त्यांच्या कानात जाऊन बसलाय?"

"सर, त्यांनी ओठ बघून उत्तरं दिलीत."

"पाचला मेल जाणार. सही करा. नसेल करायची तर आर्यन करील. पुढच्या महिन्यापासून तुमची खुर्चीही त्यालाच देऊ."

पलीकडच्या टेबलावरच्या आर्यननं मान खाली घातली. क्रांतीनं पेन उचललं नाही.

"फॉर्मवर फोन नंबर आहेत, सर. आज कबनूरला वीज नाही, माग बंद, माणसं घरी असतील. वीस जणांना तुम्हीच फोन करा. पहिला माझ्या वडिलांना."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि नंबर लावला. स्पीकर सुरू केला.

"बाळासो, विद्यापीठातून बोलतोय. तुमचं वय किती?"

"हां, बरं हाय की."

"वय हो, वय!"

"व्हय व्हय, जेवलो." मग घाईघाईनं, "थांबा पावणं, घरात देतो."

कुणी हसलं नाही. क्रांती खिडकीबाहेर बघत राहिली.

साडेचारपर्यंत वीस फोन झाले. चौदा जणांनी फोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात दिला होता. सरांनी चष्मा काढून पुसला. "पंधरा दिवस मागून घेतो. तोवर चार दिवसांपुरती गाडी पाठवायला लावतो. पण तपासणीत आकडा दहाच्या खाली आला, तर मी तुम्हाला ओळखत नाही."

रविवारी ती घरी गेली तेव्हा आईनं आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. "माझं कान चव्हाट्यावर मांडलंस," बाळासो म्हणाले. "मालकाला कळलं तर उद्या माग कोण दील मला?" अहवालात नावं येत नाहीत, हे तिनं तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. ओठ दिसणारच नाहीत, असं.

गाडी कबनूरला चार दिवस उभी राहणार होती. पहिल्या तीन दिवसांत आली ती तरणी पोरंच. जुनी माणसं चहाच्या गाड्यापाशी उभी राहून लांबूनच बघायची. तिसऱ्या संध्याकाळी आकडा होता शंभरात आठ.

चौथ्या दिवशी मीही गेले होते. क्रांती गाडीच्या पायरीशी यादी धरून उभी होती आणि सकाळपासून तिनं त्या यादीत एकही नाव लिहिलं नव्हतं. दुपारी गाड्यापाशी हालचाल झाली. बाळासो पुढे आले. लेकीकडे न बघता त्यांनी चपला काढल्या, पायरी चढले, आतल्या खुर्चीत बसले आणि कानांवर ते काळे हेडफोन चढवून घेतले. बाहेर कुणीतरी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग दुसऱ्यानं. बघता बघता पायरीशी पंधरा-वीस चपलांचे जोड जमले.

संध्याकाळपर्यंत आकडा शंभरात चौतीसवर गेला. पण ते नंतरचं. त्या घडीला क्रांती नावंही लिहीत नव्हती, नुसती आत बघत होती. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं होतं. तपासनिसानं बटणं दाबली तरी बाळासोंचं बोट बराच वेळ वर झालंच नाही.

त्यांनी हेडफोन काढले. क्रांती पायरी चढली, खुर्चीला वळसा घालून त्यांच्यासमोर गेली आणि थांबली. खूप वेळानं त्यांनी नजर वर केली.

"आप्पा," ती म्हणाली, "जेवलासा न्हवं?"