मीटर शून्यावर येईल तेव्हा

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर अक्कांना घरी एकच उद्योग उरला होता. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं याचा हिशेब करणारा एक लहानसा प्रोग्राम त्यांनी नोकरीत असताना लिहिला होता. कुणीही घ्यावा, बदलावा म्हणून इंटरनेटवर तो खुला ठेवला होता, आणि त्याची डागडुजी त्या अजून करत. यजमान म्हणत, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस." अक्का हसण्यावारी नेत.

पुढे एका कंपनीने तोच प्रोग्राम आपल्या महागड्या यंत्रणेत बसवून गावोगाव विकला. त्यात गैर काही नव्हतं; मुभा अक्कांनीच दिलेली. खातंही त्या कंपनीला दरसाल घसघशीत रक्कम मोजू लागलं. प्रोग्राम बारकाईने तपासायला एखादा जाणकार माणूस वर्षभर द्या, एवढंच अक्कांनी खात्याकडे मागितलं होतं. खात्याचे साहेब म्हणाले होते, फुकट मिळतं त्यावर खर्च दाखवायचा कसा?

एका सकाळी जुना कोड चाळताना अक्का थबकल्या. पाण्याचा मीटर सहा आकडी. सगळे नऊ भरले की तो शून्यावर येतो. त्या क्षणी मागच्या आकड्याशी वजाबाकी चुकून प्रोग्रामला वाटणार, अफाट पाणी वाहून गेलं. आणि तो क्लोरीन सणसणीत सोडणार. चूक त्यांचीच होती. दुपारपर्यंत त्यांनी ती सुधारली आणि नवा कोड सर्वांसाठी खुला केला. पण विकलेल्या यंत्रांत जुनाच कोड होता.

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात ग्राहक क्रमांक विचारला.

"मी ग्राहक नाही. तुमच्या यंत्रातला तो भाग मी लिहिलाय."

"क्रमांकाशिवाय तक्रार घेता येत नाही, मॅडम."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कंपनीची हमी आहे म्हणाले.

मग अक्का थेट पंपघरात गेल्या. तिथला पंपवाला त्यांच्या हाताखाली तयार झालेला. मीटर पाहून त्याचा चेहरा उतरला. दोनच दिवस उरले होते. दोन दिवसांनी तो क्लोरीनच्या कॉकवर हात ठेवून उभा राहिला. आकडे फिरले, यंत्राची घरघर एकदम चढली आणि त्याने कॉक आवळला. तेवढ्यातही डोळे चुरचुरले.

गाव वाचलं, कुणाला पत्ताही लागला नाही. आता साहेबांनीच तक्रार केली. पंधरा दिवसांत पाहू, असं उत्तर आलं. यंत्रं कुठे कुठे बसवलीत, ते कंपनी सांगेना. अक्कांकडेही यादी नव्हती. वाटेल त्याने न्यावा म्हणूनच तर प्रोग्राम खुला ठेवलेला.

यजमानांनी आसपासच्या पंपघरांचे नंबर शोधून दिले. पहिल्या ठिकाणी ते यंत्रच नव्हतं. दुसरीकडे मीटर चार लाखांवर होता. तिसऱ्या माणसाला अक्कांनी आकडा बघून यायला सांगितलं.

"बारा," तो परत येऊन म्हणाला. "नुसते बारा. पण बाई, इथे मघापासून वास कसला येतोय?"

कॉक बंद करा, अक्का म्हणाल्या. रिसीव्हर टेबलावर आदळला, धावती पावलं ऐकू आली. अक्कांनी फोन कानाशी तसाच धरला आणि यजमानांना चौथा नंबर लावायला सांगितलं.