आत माणूस, बाहेर कुलूप

घणाचा हात तोंडाच्या आधी चालायचा. बोलायला त्याला वेळ लागे. शब्द घशाशी येऊन अडकत आणि तेवढ्यात हाताने आपलं म्हणणं सांगून टाकलेलं असे. बापाने त्याला ज्या हाताने बडवून वाढवलं, तोच हात बापामागे त्याच्या खांद्याला येऊन चिकटला होता. लोखंड ठोकणाऱ्या घरात जन्मला, म्हणून ते खपून गेलं. लोक म्हणत, देवाने याला लोखंडासाठी घडवला आणि चुकून माणसांत सोडला. त्याला खरं नावही होतं. पण सगळं जग त्याला घण म्हणे, आणि बायको तर नावच घेत नसे.

घरचा धंदा शटरचा. दुकानाचं, गोदामाचं, गाडी ठेवायच्या जागेचं. लोखंडी पत्र्याच्या लांब पट्ट्या वाकवायच्या, पट्टीत पट्टी अडकवत खालपर्यंत विणत जायचं, आणि दोन्ही बाजूंच्या खाचांत ते सोडून द्यायचं. चांगलं शटर वर जाताना पाखरांचा थवा उठल्यासारखा आवाज करतं आणि खाली येताना एकच श्वास सोडतं. घणाचं शटर असंच वाजे. माणसांशी न जमलेली सगळी माया त्याने त्या पत्र्यांत ओतली होती.

माणसांशी मात्र जमलंच नाही. कारखान्याच्या वाटणीवरून चुलतभावाशी बोलाचाली झाली. चुलतभाऊ तोंडाळ होता. त्याची चार वाक्यं पूर्ण व्हायच्या आत घणाने त्याचा जबडा मोडला. दात जमिनीवर पडले, आणि त्यातला एक घरातल्या कोंबडीने टिपला, असं अजून सांगतात. हसू येतं, पण त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. चुलतभाऊ पुढे कायम पातळ खाऊन जगला.

त्याच आठवड्यात बायकोने पेटी बाहेर काढली.

"इथं राहिलात तर एक दिवस कुणाचा तरी जीव घ्याल," ती म्हणाली. "जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही तिथं जाऊ. तिथं भांडायलासुद्धा आधी भाषा शिकावी लागेल."

समुद्रापलीकडच्या एका शहरात शटर बनवणारी माणसं कमी आणि दुकानं पुष्कळ, असं कळलं होतं. ते गेले. घण, बायको, आणि धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे घणाने हातावर वाढवलेलं पोर. बाप गेला तेव्हा तो घणाच्या कमरेएवढा होता. घणाने त्याला खाऊ घातलं, काम शिकवलं आणि मारलंही. या तिन्ही गोष्टी तो सारख्याच मनापासून करी.

दुकान मिळालं ते एका उताराच्या रस्त्यावर. लांबट, अरुंद खोली. मागे दार नाही, पुढे रस्त्याकडे वर एक काचेचा झरोका. शेजारी बेकरी. मधली भिंत भट्टीमुळे सदा ऊबदार असे. बेकरी एका म्हातारीची. तिच्या डोक्यावरच्या खोलीत हे तिघं राहायचे. पहाटे पिठाचा वास वर यायचा आणि दिवसभर खालून पत्रा कापायच्या यंत्राची किंकाळी.

बायकोने घणाला एक अट घातली होती. गिऱ्हाइकाशी बोलताना दोन्ही हात खिशात. तो पाळायचा. लोकांना वाटे, माणूस जरा घमेंडी आहे. एकदा एका तरण्या गिऱ्हाइकाने काम झाल्यावर खोड काढली आणि घणाच्या बुटावर थुंकला. घणाच्या पँटचे दोन्ही खिसे आतून फाटले, पण हात बाहेर आले नाहीत.

"शिवून देते," बायको त्या संध्याकाळी म्हणाली. इतकंच. पण त्याला ती शाबासकी कळली.

सगळ्यांची शटरं झाल्यावर त्याने स्वतःच्या दुकानाचं बनवलं. पट्ट्यांची टोकं दुमडून घेतली, म्हणजे कुणी ओढून खाचेतून काढू नये. खाचांचे बोल्ट ठोकून सपाट केले, म्हणजे पाना लागू नये. दोन्ही कुलपांभोवती लोखंडी डब्या बसवल्या. खाली रबराची पट्टी लावली, म्हणजे उताराची धूळ आत येऊ नये. मग चार पावलं मागे जाऊन तो बघत राहिला.

"मी मेलो तरी हे उघडणार नाही," तो म्हणाला.

"मग तू मेल्यावर मी धंदा कुठून करू?" धाकट्याने विचारलं. "आतून एक खिट्टी ठेव ना, दादा."

"आतून खिट्टी म्हणजे झरोक्यातून उतरलेल्या चोराला बाहेर पडायला दार."

"त्या झरोक्यातून चोर उतरला तर त्याला मी जेवायला वाढीन. मांजर जात नाही त्यातून."

घणाने खिट्टी ठेवली नाही.

हे सांगायचं कारण, त्यांच्या घराची एक जुनी रीत होती. तिकडे बाजारात दंगा उठला की घरातला एक माणूस दुकानाच्या आत बसायचा आणि दुसरा बाहेरून कुलूप घालून निघून जायचा. कुलूप दिसलं की चिडलेली माणसं म्हणायची, मालक पळाला, चला पुढे. आणि एखादा भुरटा कुलपाला हात घालायला आलाच, तर आतल्याने पान्याने शटर वाजवायचं. आत कुणी आहे म्हटल्यावर भुरटा पळे. आजोबा असे बसले होते, बाप बसला होता, घण स्वतः बसला होता. आत माणूस, बाहेर कुलूप. या रीतीने त्यांचं दुकान कधी गेलं नव्हतं.

एका दुपारी उताराच्या खालच्या टोकाला एका मालट्रकने शाळेतून येणारी मुलगी चिरडली. चालक बाहेरदेशचा होता. घणाच्या देशाचा नव्हे, भलत्याच. पण त्या शहराच्या डोळ्यांत सगळ्या परक्यांना एकच तोंड होतं. चालक पळाला. मुलगी रस्त्यावर पडून राहिली, दप्तर पाठीला तसंच. तिचा बाप आला तेव्हा त्याने तिला उचललं नाही. तो गाडीच्या काचेवर डोकं आपटत राहिला, काच लाल होईपर्यंत. ते पाहून चौकातली माणसं हलली. आधी गाडी पेटली. मग खालच्या बाजूचं एका परक्याचं फळांचं दुकान. मग आवाज चढ चढू लागला.

घणाने यंत्र बंद केलं.

"तू आत बस," तो धाकट्याला म्हणाला. "मी कुलूप घालतो."

धाकट्याने खालच्या धुराकडे बघितलं. "दादा, हे आपल्या बाजारासारखं दिसत नाही. चल, दोघंही वर जाऊ. यंत्रं काय, परत येतील."

"तुझ्या बापाने आणून ठेवलीत का यंत्रं?"

"तुझा नि माझा बाप एकच होता. त्याने कुठली यंत्रं आणली? मी नाही बसत."

घणाचे हात त्या वेळी खिशात नव्हते. धाकट्याच्या कानफटात बसली तेव्हा तो गोल फिरला आणि यंत्रावर आदळला. ओठातून रक्त आलं. तो लहानपणी बसायचा तसा भिंतीशी जाऊन बसला. घणाने शटर खाली ओढलं. ते एकच श्वास सोडत खाली आलं. त्याने दोन्ही कुलपं घातली आणि वर गेला.

बायको खिडकीशी होती. म्हातारी तिच्या शेजारी, हाताला पीठ तसंच.

"भाऊजी कुठं आहेत?"

"आत."

"आत म्हणजे?"

त्याने किल्ल्या दाखवल्या. ती त्या किल्ल्यांकडे बघत राहिली.

"त्यांना कोंडून तुम्ही वर आलात?"

"आपली रीत आहे. कुलूप बघून पुढे जातात."

म्हातारीला भाषा कळली नाही, पण किल्ल्या कळल्या. तिने पिठाचा हात कपाळाला लावला. "इथं बंद दुकानच आधी फोडतात," ती तिच्या भाषेत सावकाश म्हणाली, घणाला समजावं म्हणून एकेक शब्द तोडून. "उघड्या दुकानात माणूस दिसतो. बंद दुकान म्हणजे नुसता माल."

तेव्हा घणाला आपली चूक दिसली. तिकडे राग माणसावर असायचा. सगळे सगळ्यांना ओळखायचे. मालक नाही म्हटल्यावर राग वळून जायचा. इथं त्याला कुणी ओळखतच नव्हतं. इथं राग दुकानावर होता. ज्या अनोळखीपणासाठी तो एवढा समुद्र ओलांडून आला, तोच आता पहारी घेऊन उतार चढत होता.

जमाव शटरवर पडला. पाइप, पहारी, दगड. आतून धाकट्याने शिकवल्याप्रमाणे पान्याने शटर वाजवलं. पण बाहेर एवढा ठणठणाट होता की त्यांच्याच घावांत त्याचे घाव बुडून गेले. पट्ट्या दबल्या, वाकल्या, पण फाटल्या नाहीत. घणाचं काम होतं ते. फुटत नाही म्हटल्यावर जमाव अधिकच खवळला. कुणीतरी दुसऱ्याच्या खांद्यावर चढलं, झरोक्याची काच फोडली आणि पेटत्या चिंधीची बाटली आत टाकली.

घण जिन्यावरून उतरला तो पडतच. तो गर्दीत घुसला आणि स्वतःच्या भाषेत ओरडला, "आत माझा भाऊ आहे." ते कुणाला कळलं नाही. एक परका हातात किल्ल्या घेऊन दुकानाकडे धावतोय, एवढंच दिसलं. पहिला पाइप त्याच्या पाठीवर बसला, दुसरा कानावर. तो गुडघ्यांवर गेला आणि गुडघ्यांवरच सरकत कुलपापर्यंत पोहोचला. दोन्ही कुलपं उघडली. शटरला हात घालून वर जोर लावला.

ते उचललं गेलं नाही. वाकलेल्या पट्ट्या दोन्ही खाचांत घट्ट अडकल्या होत्या. पट्ट्यांची टोकं त्यानेच दुमडली होती, ओढून निघू नयेत म्हणून. बोल्ट त्यानेच सपाट केले होते. आणि त्याची सगळी हत्यारं आत होती, भावाशेजारी.

धूर झरोक्यातून दोरखंडासारखा बाहेर येत होता. पलीकडून एक आवाज आला. पान्याचा, मंद, अगदी खाली, रबराच्या पट्टीशी.

घण उठला. समोर एक जण मोठा हातोडा घेऊन उभा होता. तोच, बुटावर थुंकलेला. घणाने डोकं खाली घालून ते त्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मग घणाने त्याचं मनगट दातांत धरलं, हातोडा सुटेपर्यंत सोडलं नाही, आणि वळून शटरच्या बाजूच्या भिंतीवर घाव घातला. शटरवर नव्हे, शटर फुटणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? खाच ज्या विटांत गाडली होती त्या विटांवर. मागून त्याच्यावर मार पडत होता. एकाने त्याच्या बरगड्या मोडल्या, एकाने खांदा. तो एका अंगाने वाकडा झाला आणि वाकड्या अंगानेच ठोकत राहिला. त्या रस्त्यावर त्या दुपारी त्याच्याइतका रागावलेला माणूस दुसरा नव्हता, आणि तो स्वतःचंच दुकान फोडत होता.

ते बघून मार थांबला. ठणठणाट थांबला, आणि तेव्हा सगळ्यांना आतलं वाजणं ऐकू आलं.

काही जण पळाले. काही नुसते उभे राहिले. नाक फुटलेला तो तरणा मात्र पुढे आला, रक्ताने भरलेलं तोंड बाहीला पुसलं, आणि सुटलेल्या खाचेत पहार घालून तिच्यावर सगळा भार टाकला. दोघांनी मिळून शटरचा एक कोपरा माणूस सरपटेल एवढा वाकवला. घणाने आत हात घातला आणि भावाला केसांना धरून बाहेर ओढलं. तेवढंच हाताला लागलं होतं. धाकट्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. तो श्वास घेत होता, फाटक्या भात्यासारखा.

तरण्याने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग पहार टाकली, खाली पडलेला पाइप उचलला, घणाच्या मांडीवर एक जोरात हाणला, आणि निघून गेला. नाकाचं देणं बाकी राहिलं होतं ना.

धाकट्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढे एकमेकांना चिकटूनच राहिली. आवाज घोगरा झाला. दवाखान्यात तो वहिनीशी बोले, म्हातारीशी खुणा करी, घणाकडे मात्र बघत नसे. घण पायाशी बसून राही. हात खिशात. एकदा शब्द घशाशी येऊन बसले आणि त्याला वाटलं, येतील. पण आले नाहीत.

"बोला ना काहीतरी," बायको बाहेर आल्यावर म्हणाली. "मारायचं होतं तेव्हा एवढा विचार केला नव्हता."

दुकान पुन्हा उभं राहिलं. भिंत काळी ती काळीच राहिली. घणाने नवीन शटर बनवलं, मोडक्या खांद्याने, एकट्याने. त्यात एक छोटं दार ठेवलं, आणि आतून खिट्टी. खिट्टी अशी की एका बोटाने सरकावी. मग तो भावाला न्यायला वर गेला. धाकटा गुपचूप खाली आला. त्याने शटर बघितलं, खिट्टी दोनदा मागेपुढे केली. तेल बरं घातलं होतं.

"आत जा," तो म्हणाला. किती तरी दिवसांनी घणाशी बोललेला तो पहिला शब्द.

घण आत गेला. धाकट्याने उजव्या हाताने शटर खाली ओढलं आणि बाहेरून दोन्ही कुलपं घातली.

आत अंधार झाला. जळक्या विटांचा वास होता. घण भिंतीशी बसला, धाकटा बसायचा तिथंच. रस्त्यावरून माणसं जात होती, त्यांची पावलं शटरच्या पत्र्यातून ऐकू येत होती. कुणी जवळून गेलं की तो भिंतीला आणखी चिकटे. खिट्टी हाताशी होती. त्याने तिला हात लावला नाही.

बऱ्याच वेळाने पलीकडून घोगरा आवाज आला. धाकटा शटरला पाठ टेकून पायरीवर बसला होता, म्हणजे सगळा वेळ तिथंच होता.

"खिट्टी आहे ना आतून?"

"आहे."

"मग निघ की बाहेर."

"तू उघडलंस की निघतो."

बेकरीतून म्हातारीने कुणाला तरी हाक मारली. एक गाडी उतारावरून गेली, आणि शटर किंचित थरथरलं.

"बस मग," धाकटा म्हणाला. "मला अजून थोडा वेळ लागेल."

"बसतो," घण म्हणाला.