शेळीची लस

आमच्या वाडीत शिरला की तो मोटरसायकलवरून उतरायच्या आधीच ओरडायचा, "आधी जनावर बांधा, मग तोंड उघडा!" राम राम नाही, काही नाही. गुरांच्या डॉक्टरला अहोजाहो करायची रीत आहे, हे मलाही कळतं. पण हा माणूस माझ्या तोंडी कायम 'तो'च राहिला.

उमरठच्या अलीकडे आमची वाडी. नवऱ्यामागं तीन गायींचं दूध पोलादपूरच्या हॉटेलांना घालून मी घर चालवत होते. त्या वर्षी माश्यांवाटे पसरणारा लंपी आला. गुरांच्या अंगावर गाठी उठायच्या, ताप चढायचा, दूध आटायचं आणि काही गुरं दगावायची. तो लसीचा डबा घेऊन आला तेव्हा कुणीतरी बाटलीवरचं वाचलं आणि सगळी वाडी हसली. लस शेळीची होती.

"गायीला शेळीचं औषद? येडं समजता काय आमाला?" माझे चुलतदीर म्हणाले.

"समजायला कशाला हवं? दिसतंच आहे," तो म्हणाला.

तरी त्यानं सांगितलं, खेकसतच. विषाणूच्या अंगावर प्रथिनांचं कवच असतं. शेळीच्या देवीचा विषाणू आणि गायीच्या लंपीचा विषाणू चुलत भाऊ, त्यांची कवचं बरीचशी सारखी. लसीतला भाऊ दुबळा केलेला असतो. त्याच्यावरून गायीचं शरीर ते कवच ओळखायला शिकतं, त्याला चिकटणारी प्रतिपिंडं तयार करतं, आणि पुढं खरा आला की त्याला वाढू देत नाही.

"पण शिकायला तीन आठवडे लागतात. तोवर गुरं रानात सोडायची नाहीत. डोक्यात शिरलं का?"

चुलत भाऊ तोंडावळ्यावरून ओळखू येतो, हे काही आमच्या लोकांना पटेना. आमच्याकडे चुलत भाऊ एकमेकांना फक्त कोर्टात ओळख देतात. मी मात्र तिन्ही गायी पुढं केल्या. मला हसणं परवडणारं नव्हतं.

आठवडा उलटायच्या आत त्यातल्या चंद्रीच्या अंगावर गाठी आल्या. तो रोज येऊन सुया देत होता आणि रोज मला बोलत होता. चंद्री गेली. मी तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते, आणि तो वर उभा राहून म्हणाला, "विषाणू आधीच आत होता. लसीला वेळच मिळाला नाही. तुम्ही लोक उशीर करता आणि मग रडता."

मेलेल्या गायीपाशी असं कोणी बोलतं? मी त्याला अंगणातून चालता हो म्हणाले.

मग गावकी बसली. सुईनंच गाय मारली, आता वाडीत कुणी सुई टोचून घ्यायची नाही, असं ठरत आलं होतं. गावकीचा शब्द मोडला तर माणूस वाळीत पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. माझी साक्ष तेवढी राहिली होती.

"बोल गो, सुईनंच मेली ना?" चुलतदिरांनी विचारलं.

हो म्हणायला जीभ शिवशिवत होती. त्या माणसाचं तोंड पुन्हा बघायची माझी इच्छा नव्हती. पण गोठ्यात दोघी उभ्या होत्या. दावणीत चंद्रीच्या शेजारच्या, तिच्याच अंगावरच्या माश्या झेललेल्या, आणि अंगावर एक गाठ नाही.

"सुई तिघींना टोचलेली," मी म्हटलं. "दोघी उभ्या हायत. वाळीत टाकायचं तर टाका, मी त्याला फोन लावते."

त्यानं फोनवर आधी मला झापलं, मग सकाळी उजाडता उजाडता आला. वाडीतली सगळी धडधाकट गुरं टोचून काढली. गावकीच्या म्हाताऱ्यांनाही सोडलं नाही, ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या अंगणात बोलला. वाडीतली बहुतेक गुरं वाचली. मला कुणी वाळीत टाकलं नाही, आणि त्याचे आभारही कुणी मानले नाहीत. मीही नाही.

पुढं त्याची बदली घाटावर झाली. जायच्या दिवशी त्यानं आमच्या कुंपणाच्या बेड्याबाहेर गाडी थांबवली. इंजिन चालूच.

"दोघींना दर वर्षी टोचून घ्या," तो ओरडला. "शरीर विसरतं." आणि गेला.

शरीर विसरत असेल. मी त्याचं चंद्रीपाशीचं ते बोलणं विसरलेले नाही. आता नवा डॉक्टर येतो, गोड बोलतो, मला मावशी म्हणतो. हा सुई भरतो तेव्हा मी दोघींची शिंगं धरून उभी राहते आणि घाटावरच्या त्या मेल्याला मनातल्या मनात दोन शिव्या घालते. त्याशिवाय ती सुई मला बघवत नाही.