पूजा झालेली गाडी

शेवगावच्या एका व्यापाऱ्याकडे आम्ही नवरा-बायको जुनी गाडी बघायला गेलो. मीटरवर जेमतेम तीस हजार किलोमीटर होते. मी नीट तपासायच्या आत त्यानं चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि बायकोच्या हाती पूजेचं ताट दिलं. "मुहूर्त लई चांगला हाय, वहिनी."

तिनं हळदकुंकू वाहिलं. मी गाडी पुढं घेतली, लिंबं चिरडली. ब्रेक दाबताना खाली पाहिलं, तर पेडलचं रबर झिजून लोखंड उघडं पडलेलं. तीस हजारांत एवढं झिजतं?

मी भडकलो. "मीटर मागं फिरवलंय तुम्ही!"

तो हसला. "पूजा झालेली गाडी परत करता व्हय?"

बायको कुजबुजली, "नको हो, अपशकुन होईल."

आम्ही तीच गाडी घेतली. करंजी घाटाच्या उतारावर मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, ते वर आलंच नाही.