सोयरिकीत वाटलेला ताप

आधीच हात जोडतो. शाळा आठवीत सुटली, तेव्हापासून विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना तार गुंडाळतोय. त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या. पण रेणापुरात मी जे करून ठेवलं ते ऐकलं, की शुद्धलेखन ही माझी सगळ्यात लहान चूक आहे असं तुम्हीच म्हणाल!

माझी सोयरीक जमली होती. मुलगी रेणापूरची, महानंदा, दवाखान्यात नर्स. मी कंधारचा मोटार वाइंडिंगवाला. नर्स असलेली मुलगी आठवीतल्या माणसाला हो म्हणते, ही काय साधी गोष्ट आहे का? रविवारी कुंकू लावून पक्कं करायचं ठरलं आणि शुक्रवारी मला ताप भरला. अंग ठणकतंय, नाक वाहतंय, खोकला थांबत नाही.

"मामा, पुढं ढकलायचं का?" मी माझ्या मामांना विचारलं.

"येडा हायेस का, मन्मथ? पोरगं आजारी हाय म्हणलं की सोयरीक गेली. गोळी खा अन् गप बस."

गप्प बसणं मला लहानपणापासून जमतं. गोळी खाल्ली.

रेणापुरात गार वारं सुटलेलं, म्हणून बैठकीची दारं-खिडक्या लावलेल्या. आत पंचवीस माणसं, गुडघ्याला गुडघा लावून. माझ्या मांडीशी आमच्याकडच्या आहेराचा ढीग, टॉवेल आणि टोप्या. मी आपला खाली मान घालून खोकत होतो. रुमाल कधीच भिजून गेला होता. तेवढ्यात शिंक आली. मोठी!

आता पंचवीस माणसांत रुमाल कुणाला मागू? मला तर पाणी मागायचीसुद्धा लाज वाटते! वरचा टॉवेल ओढला, त्यात शिंकलो, नाक पुसलं आणि नीट घडी घालून परत ठेवला. कुणी पाहिलं नाही. मनात म्हटलं, जमलं.

जमलं कसलं? मामा उठले आणि त्यांनी तोच टॉवेल मुलीच्या काकांच्या खांद्यावर टाकला.

पण आमच्याकडं पहिला मान कुणी लगेच घेतो का?

"माझा कशाचा पहिला मान? आप्पा थोरले हायेत," काका म्हणाले. टॉवेल मुलीच्या वडिलांच्या, आप्पांच्या खांद्यावर.

"घरच्यांचं मागून हो," आप्पा म्हणाले. "आधी मामांना द्या." टॉवेल मुलीच्या मामांकडं. त्यांनी त्याला मिशा पुसल्या आणि म्हणाले, "थोरले जावई बसले असताना मी घेऊ व्हय?"

थोरले जावई उदगीरचे. रुसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही म्हणे. त्यांनी खूश होऊन टॉवेल तोंडाकडं नेला आणि माझा धीर सुटला.

"त्यांना देऊ नका!"

जावयांनी टॉवेल खाली घेतला.

"का हो? आमची लायकी न्हाई का टॉवेल घ्यायची?" जावई म्हणाले.

"तसं न्हाई... तो वापरलेला हाय."

"वापरलेला! आप्पा, ऐकलं का? वापरलेले टॉवेल आहेराला आणलेत ह्या लोकांनी! उठा, अशा घरात मुलगी द्यायची न्हाई!"

ते चपला शोधायला निघाले. माझे मामा मला चिमटे काढत होते. डोळ्यांदेखत सोयरीक मोडायला लागली, आणि मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडलो, "अहो, मी नाक पुसलंय त्याला!"

एवढं बोललो आणि असा खोकला लागला की समोरच्या दोन्ही रांगांना पुरला.

आतल्या दारातून महानंदा बाहेर आली. "ताप कधीपासून हाय?"

"परवापासून."

"अन् आज आलात?"

माझे मामा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"भावजी, टॉवेलचं काय घेऊन बसलात?" ती जावयांना म्हणाली. "फ्लू खोकल्या-शिंकेतनं पसरतोय. बंद खोलीत तासभर झालं हे खोकतायत. टॉवेल मिळाला न्हाई त्यांना बी मान पोचला."

रुसलेले जावई नाकाला उपरणं लावून सगळ्यांच्या आधी अंगणात पोचले. तिनं खिडक्या उघडल्या, मला मास्क दिला आणि लांब एका खुर्चीवर नेऊन बसवलं. कुंकू राहिलं. आप्पा एवढंच म्हणाले, "बरे व्हा. मग बघू."

सोयरिकीत 'बघू' म्हणजे काय, ते मला कळतं. निघताना महानंदानं नंबर लिहून दिला, पण औषधाची चिठ्ठी द्यावी तसा. "ताप वाढला तर फोन करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप वाढला नव्हता, तेवढाच होता. पण मनाला लई लागलं होतं. चार वेळा नंबर लावला आणि कापला. पाचव्यांदा तिनं उचलला.

"मी... मन्मथ. तुमच्या घरी कुणाला ताप-बीप आलाय का, विचारावं म्हणलं. माझ्यामुळं झालं सगळं."

"अजून न्हाई. एक-दोन दिवसांत कळंल." आवाज जरा मऊ वाटला. "तुमच्याकडं कसली खडखड चालू हाय?"

"दुकानात हाय ना. मोटारी लई साचल्यात."

पलीकडं एकदम नर्सचा आवाज. "सकाळपासून गिऱ्हाईकं किती आली?"

मी बोटांवर मोजली. "सात. अन् चहावाला."

"कुणाच्या तोंडावर खोकलात का?"

"मोटार बघताना दोघांनाबी वाकावंच लागतं की हो."

"शटर ओढा अन् निजा जाऊन! तुम्ही बरं झाल्याबिगर आप्पा कुंकवाची तारीख काढत न्हाईत."

तारीख! म्हणजे मोडली नव्हती! मला इतका आनंद झाला की एका दमात शटर खाली ओढलं.

आतून ओढलं. आठवं गिऱ्हाईक आत माझ्या शेजारीच उभं होतं, आणि मला शिंक आली.