नकाशातली तिवरं

माजिवड्याचा काळुराम आगरी मिठाच्या आगरात कामाला होता. माणूस संशयी. त्याचे फावडे कुणी उसने नेले, तर परत आल्यावर दांडा उन्हात धरून बघायचा, कुठे चीर गेलीय का. बायको तुळसा म्हणायची, "देवानं हातावर परसाद ठेवला तरी हे आधी वास घेतील."

"घेईन," काळुराम म्हणायचा.

त्याच्या संशयाला एक कारणही होते. मीठ करायचे ते इंग्रज सरकारच्या परवान्याने आणि मीठ खात्याच्या शिपायांच्या डोळ्यांदेखत. दिवसभर घोट्याएवढ्या मिठात उभे राहायचे आणि घरच्या कालवणाला मीठ विकत आणायचे, हे काळुरामला पटत नव्हते. म्हणून खाडीच्या अंगाला, तिवरांच्या झाडीआड, त्याने घरापुरता एक चोरटा वाफा घातला होता. आगरातले काम उरकून, ओहोटी साधून, नवराबायकोने तिथला चिखल उपसला, काडीकचरा वेचला, तळ पायांनी तुडवला आणि थापीने ठोकून बसवला. तळ कच्चा राहिला की मीठ मातकट येते. त्यांचे पांढरे आले. शिपायांना वाफा सापडता, तर काळुराम कामावरून गेला असता आणि वर कैदही झाली असती.

मुलगा दौलत गावच्या मराठी शाळेत पाचव्या इयत्तेत होता. मीठ खात्याच्या नाक्यावरचा कारकून कागदावर काय खरडतो ते घरातल्या एकाला तरी वाचता यावे, एवढ्यासाठी काळुरामने त्याला शाळेत घातले. पण घातल्यापासून रोज संध्याकाळी भाकरीच्या आधी चौकशी व्हायची.

"आज काय शिकवलान मास्तरानं?"

"त्रैराशिक. पाच मजूर एक बांध आठ दिवसांत घालतात, तर दहा मजूर किती दिवसांत घालतील?"

"मास्तराला कशाला पायजे आमचा बांध?"

"आपला नाय वो बाबा. पुस्तकातला बांध."

"पुस्तकात भरती येते का?"

"नाय. आनि सगळे मजूर सारखं काम करतात."

"असा मजूर मी तरी बघितला नाय," काळुराम म्हणाला. "गोविंदाला घेऊन बघ म्हनावं."

गोविंदा म्हणजे आगरातला त्याचा जोडीदार. कामाला ढिला, तोंडाला तिखट.

इतिहासाचीही तीच गत. ठाण्यावर आधी फिरंगी, मग मराठे, मग इंग्रज, हे दौलतने घडाघडा म्हणून दाखवले. काळुरामने विचारले, "आता पुढं कोण येनार, ते विचारलं का मास्तरानं?" नाही म्हटल्यावर त्याला बरे वाटले. मोडी वाचनाला त्याची हरकत नव्हती. कविता पाठ करण्याला होती, कारण पोरगा ती म्हणताना हात हलवायचा.

मास्तर कल्याणचे, श्रीपादपंत. एके दिवशी त्यांनी खाडीचे पाणी थाळीत ओतून शाळेच्या ओट्यावर उन्हात ठेवले. दोन-तीन दिवसांत थाळीच्या तळाला पांढरी साय धरली. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतो, असा तो धडा. मग त्यांनी पोरांना विचारले, "कुणाकुणाच्या घरी मिठाचं काम करतात? कसं करतात ते सांगा पाहू."

हे ऐकून काळुरामने घास खाली ठेवला. "तू काय सांगितलंस?"

"आगरातलं सांगितलं."

"तेवढंच?"

"तेवढंच."

दुसऱ्या दिवशी गोविंदाने त्यात तेल ओतले. "अरे, मास्तरानं शाळेत मीठ केलान! परवाना हाय काय त्याला? नाय ना? मग त्याला शिपाई का धरीत नाय? त्यांच्यातलाच असनार. मोठ्याचं तोंड उघडत नाय, म्हनून पोराचं उघडायचं."

काळुराम हसला नाही. त्या दिवसापासून तो वाफ्याकडे वळसा घालून जाऊ लागला.

सहामाही संपत आली तशी मास्तरांनी गावाचा भूगोल घेतला. पोरांना रांगेने बांधावर नेले. उत्तर कुठे, खाडी कुठे, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पाणी कसे आत येते, ते दाखवले. मग सांगितले, ज्याने त्याने गावाचा नकाशा काढायचा. परीक्षेला शाळा तपासणारे डिपोटीसाहेब येतील, ते नकाशा बघतील. इंग्रजी शाळेसाठी ते एकाचे नाव सुचवणार होते. मास्तरांचा भरवसा दौलतवर होता.

दौलतने नकाशा मनापासून काढला. देऊळ, विहीर, आगर, उघाडी आणि झाडीआडचा वाफासुद्धा. काळुरामला अक्षर कळत नव्हते, पण आपल्या पायाखालची जमीन कागदावर ओळखायला त्याला वेळ लागला नाही. त्याने वाफ्यावर बोट ठेवले.

"हे खोड."

"पन तिथं हाय ना, बाबा."

"तिथं तिवरं हायत."

"मास्तर म्हनतात, असेल ते काढायचं."

"मास्तराला भाकरी कोन घालतो ते मना ठाव नाय. तुला मी घालतो."

दौलतने खोडले. त्या जागी तिवरं काढली, एकेक पान रागाने दाबून.

परीक्षेच्या दिवशी काळुराम आगरातून सुट्टी घेऊन शाळेच्या खिडकीशी उभा राहिला. डिपोटी होडीने आले होते. त्यांनी दौलतला मोडी वाचायला दिले, त्रैराशिक घातले, कविता म्हणवून घेतली. पोरगा कुठे अडला नाही. मग त्यांनी नकाशा हातात घेतला.

"खाडीकडे हे काय काढलंस?"

"तिवरं, साहेब."

"सलग? मी होडीतून येताना तिथे मोकळी जागा पाहिली. पांढरं काहीतरी होतं."

दौलतने खिडकीकडे पाहिले. काळुरामने मान खाली घातली.

"साहेब, भरतीचं पाणी तिथे साचून वाळतं," श्रीपादपंत म्हणाले. "खार पांढरी दिसते. मुलांना घेऊन गेलो तेव्हा मीही पाहिली."

"मग मुलाने ती दाखवायला हवी होती. हुशार आहे, पण न बघता काढतो. पुढच्या सहामाहीत मी पुन्हा येईन. तेव्हा जागेवर जाऊन नकाशा ताडून बघेन आणि मग नावाचं ठरवीन."

डिपोटी गेल्यावर काळुरामने मास्तरांना ओट्यावर गाठले.

"मास्तर, तुमी बघितलं होतं?"

"बांधावरून सगळं दिसतं, काळुराम."

"मग सांगितलं का नाय?"

"सांगितलं की. खार वाळते म्हणून सांगितलं. खोटं आहे का ते?"

"तुमाला काय पायजे?"

"मुलानं नकाशा नीट काढावा," मास्तर म्हणाले आणि थाळी उचलून आत गेले.

घरी येऊन काळुरामने हे तुळसाला सांगितले. "भला मानूस हाय," ती म्हणाली.

"फुकट कोन भला असतो?"

"मग आता काय? पोराला काढता शाळेतून?"

दौलत दाराशी बसला होता. "मी आता वाफा काढनार नाय आनि तिवरंबी काढनार नाय," तो म्हणाला. "तिथं जे हाय ते तुमीच ठरवा."

सकाळच्या ओहोटीला काळुराम फावडे घेऊन गेला. बांध घालायला जेवढा जीव लागतो, तेवढाच घातलेला बांध फोडायलाही लागतो, जर तो नीट घातला असेल तर. हा नीट घातला होता. त्याने चारी बाजू फोडल्या, ठोकलेला तळ उकरला, ढेकळे खाडीत लोटली. शेवटचे मीठ तुळसाने मडक्यात भरून घेतले. भरती आली आणि पाणी आडवेतिडवे आत शिरले. काळुरामने तिवराच्या लांबोळक्या शेंगा वेचून आणून त्या चिखलात एकेक खोचल्या. भात लावतात तशा, ओळीने. मग त्याच्या लक्षात आले की रानातले तिवर ओळीने उगवत नाही. त्याने त्या उपटल्या आणि पुन्हा वेड्यावाकड्या खोचल्या.

पावसाळ्यानंतर तिथे गुडघाभर रोपे झाली. दौलत नवा नकाशा काढायला बांधावर बसला होता आणि काळुराम उघाडी साफ करत होता. श्रीपादपंत शाळेकडे जाताना थांबले, खाडीकडे बघितले, दौलतच्या कागदाकडे बघितले, आणि चालू लागले.

"बघितलंस?" काळुराम म्हणाला. "बघून गेला. बोलला काय नाय."

"बाबा, नकाशा बरोबर हाय. मग काय बोलनार?"

काळुराम फावड्याला टेकून मास्तर वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

"आज काय शिकवनार हाय रं तो?"