दोन जावांचा फोल्डर

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं माझ्या सासऱ्यांनी प्लॉट घेतला तेव्हा तिथं नुसती ज्वारीची रानं होती म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर रानं जाऊन कॉलनी झाली होती, गल्ल्यांना नंबर पडले होते, पण पाण्याची पाइपलाइन काही पोचली नव्हती. त्यात पावसानं सलग दगा दिला. बोअर आटले आणि सगळी मदार टँकरवर आली. सासरे कॉलनीचे अध्यक्ष, त्यामुळं सगळ्यांचे फोन आमच्या घरी. "टँकर निघाला का?" "आज कोणती गल्ली?" पोळ्या लाटता लाटता मी आणि थोरल्या जाऊबाई आळीपाळीनं उत्तरं द्यायचो.

थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्या शहरातल्याच. लग्नाआधी कॉम्प्युटरमध्ये बीएस्सी केलेलं, पण पुढं घर आणि मुलं यांतच वर्षं गेलेली. मी अजिंठ्याकडची, शेतकऱ्याच्या घरची. पुण्यात एका कंपनीत थोडे दिवस प्रोग्रामिंग करून इकडं आलेली आणि नोकरी शोधत असलेली. एकदा फोन आपटूनच ठेवत ताई म्हणाल्या, "अगं, हे सगळं वेबसाइटवर टाकता येणार नाही का? ज्याचं त्यानं बघून घ्यावं."

"येईल की. आपणच करू."

पानं कशी दिसायची ते ताईंनी बघायचं, टँकरच्या वेळांचा हिशोब मी लिहायचा, असं ठरलं. त्यांचा जुना डेस्कटॉप, माझा लॅपटॉप आणि मधे एक पेन ड्राइव्ह. माझ्या नवऱ्याला विनोद मिळाला. "दोन जावांनी लिहिलेलं म्हणजे जावामध्येच असणार!" घरी येईल त्या पाहुण्याला तो हे ऐकवायचा. जावा ही कॉम्प्युटरची एक भाषा, आणि आम्ही पीएचपी या दुसऱ्याच भाषेत लिहितोय, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

महिनाभर बरं चाललं. मग मी एक भाग फार खपून लिहिला: टँकर उशिरा आला की पुढच्या सगळ्या गल्ल्यांच्या वेळा आपोआप सरकायच्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी पेन ड्राइव्हवरचा आपला फोल्डर लॅपटॉपवर चढवला. जुनं बदलून नवं ठेवू का, असं मशीननं विचारलं, त्यांनी हो म्हटलं. माझं सगळं पुसलं गेलं.

"ताई, बघायचं तरी!"

"तू सांगायचंस ना, त्यात नवीन काय आहे ते."

झालं, बोलणं बंद. मीठ कुठं ठेवलं हेसुद्धा आम्ही सासूबाईंमार्फत विचारायला लागलो. सासूबाईंनी ते एक दिवस सोसलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "मी काय तुमची डाकवाली हाय का? बोलायचं तर तोंडानं बोला, नाय तर त्या मशीनी उचलून माळ्यावर टाकते."

दुपारची जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन ताईंजवळ बसले. "पुण्यात आम्ही गिट वापरायचो. कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळं ते नावानिशी जपून ठेवतं. पुसलं गेलं तरी मागचं परत काढता येतं."

"मग इतके दिवस हे गिट का नाही वापरलंस?"

"तिथं ते आधीच मांडलेलं होतं. कोऱ्या जागेपासून मी कधी केलं नाही."

"मग आज करू. आणि टाइप मी करणार."

मी हुकूम टाइप करायचा काळा पडदा उघडून दिला. ताईंनी सवयीनं माउस धरला, मग सोडला. मी सांगितलं तसं त्यांनी 'गिट इनिट' टाइप केलं. खाली एकच ओळ उमटली, की रिकामी रिपॉझिटरी, म्हणजे नोंदी ठेवायची कोरी वही, तयार झाली आहे.

"एवढंच? मला वाटलं काहीतरी उघडेल."

"एवढंच. आता 'गिट ॲड' लिहून एक टिंब द्या. टिंब म्हणजे इथलं सगळं आत घे."

टिंब दिलं आणि पडदा गप्प झाला. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. ताई चहा करून आल्या, आमचा पिऊन झाला, तरी ते चालूच. आमच्या चिमूटभर फायलींना एवढा वेळ का, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती. शेवटी ते थांबलं. आता कमिट, म्हणजे आहे तसं कायमचं नोंदवणं. ताईंनी संदेश लिहिला, 'सुरुवात', आणि एंटर दाबलं.

मशीननं नकार दिला. इंग्रजीत लिहून आलं, कृपया आपण कोण ते सांगा. ताईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि हसायलाच लागल्या. "घ्या! ह्याला काय सांगू मी कोण?"

"नाव आणि ईमेल द्यायचा."

"माझा ईमेल कुठंय? गॅसला, बँकेला, मुलांच्या शाळेत, सगळीकडं ह्यांचाच दिलाय."

मग मोबाइलवर त्यांचा नवा ईमेल उघडला. नावाशी त्या पुन्हा थांबल्या. "ह्यांचं नाव लावू का पुढं?"

"त्याला काहीही चालतं. तुम्हाला हवं ते टाका."

त्यांनी फक्त स्वतःचं नाव टाकलं. आडनाव नाही, काही नाही. एकदा वाचून बघितलं, एक अक्षर बदललं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चल पुढं."

पुन्हा कमिट. या वेळी पडद्यावर ओळींचा धबधबा सुरू झाला. आमच्या फायलींची नावं कुठंच नव्हती. हळद एक, हळद दोन, वरात, पंगत, सासऱ्यांची भजनं, नवऱ्याची हिंदी गाणी, विजेची बिलं.

"अगं, हे तर तुझ्या लग्नाचे फोटो!" ताई ओरडल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वेबसाइटच्या फोल्डरमध्ये न शिरताच आम्ही बाहेरूनच सुरू केलं होतं आणि सगळा लॅपटॉप आत घेतला होता. आम्ही इतक्या हसलो की सासूबाई उठून आल्या. ताई त्यांना म्हणाल्या, "आई, टँकरच्या वेळा टाकायला निघालो आणि अख्खी वरात आत गेली."

निस्तरायला मात्र मला घाम फुटला. गिटनं बनवलेला लपलेला फोल्डर तेवढा काढायचा होता, पण एखादं अक्षर चुकलं तर फोटोही गेले असते, आणि त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. मी एंटरवर बोट नेलं तसा ताईंनी माझा हात धरला.

"थांब. आधी फोटो माझ्या डेस्कटॉपवर घे. मग काय काढायचं ते काढ."

तसंच केलं. मग तो फोल्डर काढला. हळद, वरात, पंगत, सगळं जागच्या जागी होतं. आता नीट वेबसाइटच्या फोल्डरमध्ये शिरलो, पुन्हा इनिट केलं, टिंब देण्याआधी आत काय काय जाणार ते वाचून घेतलं, आणि ताईंनी दुसऱ्यांदा 'सुरुवात' लिहिलं. नोंदी काढून बघितल्या तर एकच नोंद, तिच्यापुढं ताईंचं नाव. त्यांनी ती सासूबाईंना बोलावून दाखवली. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, तरी त्या चष्मा लावून बघून गेल्या.

कॉलनीत इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून सामाईक प्रत आम्ही पेन ड्राइव्हवरच ठेवली. माझा पुसलेला भाग मी पुन्हा लिहिला, तो पहिल्यापेक्षा बरा झाला. कधी दोघींनी एकच ओळ बदलली, तर गिट दोन्ही ओळी एकाखाली एक मांडून थांबायचं, की तुम्हीच ठरवा. मग आम्ही चहा घेत ठरवायचो. ताईंचे संदेश वाचण्यासारखे असायचे. 'चौथ्या गल्लीचा रंग लई भडक होता, उतरवला.'

वेबसाइट चालू झाली आणि फोन कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत. शेजारच्या गल्लीतले एक आजोबा रोज फोन करायचे, "साइट बघितली, पण येणार ना खरंच?" पलीकडच्या कॉलनीतल्या लोकांनीही आमच्याकडून तशीच वेबसाइट करून घेतली.

पुढं पाऊस बरा झाला, मग नळही आले, आणि वेबसाइट आम्ही बंद केली. तोवर ताईंना जालना रोडवरच्या एका लहान ऑफिसात काम मिळालं होतं. मुलाखतीत अनुभव विचारला, तेव्हा त्यांनी लॅपटॉप उघडून आमच्या वर्षभराच्या नोंदीच पुढं ठेवल्या. भडक रंगाची नोंद वाचून समोरचे साहेब हसले म्हणे. त्यानंतर मलाही वाळूजच्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात घेतलं. सकाळी आमच्या स्कूट्या विरुद्ध दिशांना निघतात. डबे सासूबाई भरतात, आणि शेंगदाण्याची चटणी कुणाच्या डब्यात जास्त पडते यावरून आमचं रोज भांडण होतं.